कपांचे कान

कागद शुक्रवारी संध्याकाळीच हातात पडला होता, पण मोठीनं दोन दिवस त्याची वाच्यता केली नाही. पिशवीच्या तळाशी, जेवणाच्या डब्याखाली तो घडी घालून पडून राहिला, आणि ती घरात वावरताना पिशवीच्या खुंटीकडे बघायचं टाळत राहिली. रविवारी दुपारची जेवणं उरकली. सासूबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या. मास्तरांनी, म्हणजे मोठीच्या नवऱ्यानं, शाळेच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. आणि तिच्या दिरानं घसा खाकरला.

"वहिनी, उद्या अकराला हिच्या भरपाईच्या अर्जाची सुनावणी आहे. कंपनीनं साक्षीला तुम्हाला बोलावलंय म्हणे. खरं का?"

दीर वायरमन होता. दिवसभर लोकांच्या घरातल्या तारा जोडत फिरायचा आणि घरी आला की स्वतःलाच शॉक बसल्यासारखा बोलायचा. पण आज आवाज खाली होता, आणि मोठीला त्याचीच धास्ती वाटली.

"खरं आहे," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीत?"

मोठी उठली, पिशवीतून कागद काढला आणि मास्तरांच्या वह्यांवर ठेवला. "वाचा तुम्हीच. मोठ्यानं वाचा. सगळ्यांना कळू दे."

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. वर्गात धडा वाचावा तसे ते वाचू लागले, पण दुसऱ्या ओळीपासून आवाज उतरत गेला.

"'मी खाली सही करणार लिहून देते की, सदर कामगार महिला माझी सख्खी जाऊ असून आम्ही एकाच घरात राहतो. घरातील कपडे धुणे व पिळणे, कणीक मळणे ही कामे पूर्वीपासून तीच करीत आली आहे. तसेच, मी ज्या विभागाची सुपरवायझर आहे तेथील पट्ट्याचा वेग मिनिटाला चार कप एवढाच असून तो कधीही वाढवण्यात आलेला नाही.'"

सगळ्यांनी बघितलं ते धाकटीकडे.

धाकटी दाराशी बसली होती. उजव्या मनगटाला कापडी आधार बांधलेला, डावा हात मांडीवर उताणा. अकरा वर्षं ती कपांना कान लावत होती. ओल्या मातीचा कप पट्ट्यावरून समोर आला की उचलायचा, कानाची दोन्ही टोकं पातळ मातीत बुडवायची, दोन्ही अंगठ्यांनी दाबून जराशी पिळायची, ओल्या स्पंजनं पुसायचं, कप पुढे सोडायचा. मग दुसरा. पूर्वी ती हसून म्हणायची, "आम्ही जगाचे कान पिळतो आणि घरी आलो की आमचे पिळले जातात." आता वर्षभर ती काही म्हणत नव्हती. आधी रात्री बोटांना मुंग्या यायच्या, मग अंगठा वाकेना, मग हातातून वस्तू निसटायला लागल्या. मनगटातली शीर दाबली गेल्याचं सरकारी दवाखान्यानं लिहून दिलं, उजव्या हाताचं ऑपरेशनही झालं. तरी झग्याचं बटण तिला लावता येत नव्हतं. कंपनीच्या डॉक्टरनं मात्र एका ओळीत निकाल लावला होता. 'त्रास घरकामामुळे उद्भवलेला दिसतो.'

आणि या कामावर तिला चिकटवलं होतं मोठीनंच. आपली जाऊ म्हणून नव्हे, चांगली कामसू मुलगी म्हणून.

"सही केलीत?" वायरमननं विचारलं.

"नाही."

"फाडलातही नाही ना!"

"अरे, नीट बोल," मास्तर म्हणाले.

"नीटच बोलतोय दादा. तिचा हात काय आपसूक वाळला? वहिनी रोज तिथं उभ्या असतात, त्यांच्या डोळ्यांदेखत झालंय सगळं. 'माझी जाऊ कामानं अधू झाली' एवढं एक वाक्य बोलायचं. त्याला दोन दिवस विचार कसला करायचा?"

"वाक्य एकच आहे," मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "पण तू बसलायस ती खोली कंपनीची आहे. सुपरवायझर म्हणून हिच्या नावावर आहे. उद्या हिचं पद गेलं तर नव्वद दिवसांत आपण पाच माणसं रस्त्यावर. आईला घेऊन. याचा विचार तू नाही केलास तर कुणीतरी करायला हवा."

"म्हणजे घर राहावं म्हणून माझ्या बायकोचे हात गेले तरी चालतील?"

"हात गेलेलेच आहेत. आता घरही घालवायचं का, एवढंच विचारतोय मी."

बोलून गेल्यावर मास्तरांनाच ते लागलं. त्यांनी धाकटीकडे पाहिलं नाही.

धाकटी म्हणाली, "कपडे मीच धुवायचे. तेवढं त्यात खरं आहे."

"तू गप्प बस!" वायरमन तिच्यावर उखडला. "कपडे काय जगातल्या बायका धूत नाहीत? त्यांना चमचा धरता येत नाही असं होतं का?"

मोठी उभीच होती. तिला बसावंसं वाटत होतं, पण बसलं की बोलावं लागेल असं वाटत होतं. कागदातल्या शेवटच्या ओळीबद्दल घरात कुणी तिला काही विचारलं नव्हतं. पट्ट्याच्या टोकाला एक लोखंडी पेटी होती आणि त्या पेटीवर आकड्यांचं गोल बटण. दोन वर्षांपूर्वी मोठी मागणी आली तेव्हा मॅनेजर तिच्याशेजारी येऊन उभा राहिला आणि बोटानं हवेत एक छोटंसं वर्तुळ काढून म्हणाला, "बाई, जरा पुढं घ्या." तिनं चाराचं पाच केलं. पंधरा दिवसांनी पाचाचं सहा. नोंदवहीत रोज चारच लिहायचं, हेही तोंडीच ठरलं. बटण फिरवणारा हात तिचा होता. हे घरात कुणाला माहीत नाही, अशी तिची समजूत होती, आणि त्या समजुतीवरच ती रोज धाकटीच्या पंक्तीला बसून जेवत होती.

"सही कर, मोठे," सासूबाई एकदम म्हणाल्या.

सगळे वळले. सासूबाई घरच्या भांडणात सहसा पडत नसत. भांडण संपलं की दोन्ही बाजूंना पुरेल असं एखादं वाक्य टाकायच्या आणि उठून जायच्या.

"आई, तू पण?" वायरमन म्हणाला.

"हो, मी पण. माणसाचं शरीर आज ना उद्या झिजतंच. डोक्यावरचं छप्पर एकदा गेलं की गेलं. तुमच्या बापाच्या वेळी मी केलीच की सही."

"कसली सही?" मास्तरांनी विचारलं.

सासूबाईंच्या लक्षात आलं, आपण बोलून बसलो. पण त्या मागे फिरल्या नाहीत. तो त्यांचा स्वभावच नव्हता.

"ते गेले तेव्हा. वीस वर्षं कपांची कोरडी माती दळण्याच्या खात्यात होते, शेवटची चार वर्षं खोकून खोकून नुसता सापळा राहिला. दिवस झाले आणि साहेब घरी आला. कागद टाइप करूनच आणला होता. की हे दिवसाला दोन पाकिटं सिगारेटी ओढायचे, त्यानं छाती गेली. मी खाली नाव लिहिलं. त्यांनी खोली काढून घेतली नाही. सहा महिन्यांनी हिला कामावर घेतलं. तू शिकत होतास, हा शाळेत होता. मी दुसरं काय करणार होते?"

"बाबा सिगारेट ओढत नव्हते," मास्तर म्हणाले.

"नव्हते."

"शेजारी कुणी पेटवली तरी उठून बाहेर जायचे ते."

"मला सांगतोस?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "त्यांचे कपडे मी धुतलेत. वास मला माहीत नसेल?"

मोठीला आपल्या नोकरीचा पहिला दिवस आठवला. बावीस वर्षांची होती. अर्ज न करता बोलावणं आलं तेव्हा तिला वाटलं होतं, सासऱ्यांची पुण्याई. ती खाली बसली.

मास्तर उठले. कागद त्यांच्या हातातच होता. त्यांनी तो घडीवर घडी घालत पोस्टाच्या तिकिटाएवढा केला, मोठीच्या हातात दिला आणि म्हणाले, "सही करू नकोस." मग चपला घालून बाहेर गेले.

आणि इतका वेळ भांडणारा वायरमन आता आईकडे बघत बसला होता. म्हाताऱ्या बाईला नव्वद दिवसांत कुठं हलवायचं, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच उमटला. तो पुटपुटला, "वहिनी, असं काही मधलं नाही का बोलता येणार? म्हणजे तिचंही होईल आणि आपलं घरही..."

"मधलं काय असतं हो भावजी?" मोठीनं विचारलं. "पाच सांगू?"

त्याला ते कळलं नाही. धाकटीनं मात्र मान वर केली आणि परत खाली घातली.

संध्याकाळी मोठी भांडी घासत होती तेव्हा धाकटी मागे येऊन उभी राहिली. पूर्वी त्या दोघी मिळून घासायच्या, एक घासणारी आणि एक विसळणारी, आणि मॅनेजरच्या चालण्याची नक्कल करून हसायच्या. आता ती नुसतीच उभी राहिली.

"ताई, उद्या तुम्ही आजारी पडा," ती म्हणाली. "ताप आलाय म्हणून कळवा. साक्ष नाही म्हटल्यावर तारीख पुढं जाईल. कंपनीलाही तुम्ही नाही म्हणालात असं व्हायचं नाही."

"आणि तुझं?"

"माझं व्हायचं तसं होईल."

मोठीच्या ओठांवर आलं होतं, तुझं असं व्हायला मीच जबाबदार आहे. बटण मी फिरवलं. पण ताटावरचा साबण निघायला वेळ लागत होता, आणि नळाचा आवाज होता, आणि सासूबाई पलीकडेच होत्या. अशी तीन कारणं तिनं मनाशी मोजली. तोवर धाकटी आत गेली होती.

सुनावणीची खोली लहान होती. एक लांब टेबल, त्यामागे अधिकारीबाई, कोपऱ्यात टाइप करणारा कारकून. अधिकारीबाईंचा चष्मा गळ्यात दोरीला लटकत होता. तो त्या वाचायला लावायच्या आणि माणसाकडे बघताना काढायच्या. कंपनीच्या वकिलानं मोठीला बघून ओळखीचं हसू केलं. मॅनेजर भिंतीशी बसला होता. त्यानं मान हलवून सही झाली का असं विचारलं, आणि मोठीनं ते न बघितल्यासारखं केलं.

"बाई, अर्जदार तुमची जाऊ. घरात पाच माणसं. कपडे कोण धुतं?" वकिलानं सुरुवात केली.

"मागच्या वर्षापर्यंत तीच धुवायची."

"हातानं?"

"हातानंच."

"पिळायचीही तीच?"

"हो."

पाठीमागे वायरमनची खुर्ची करकरली. वकील बसता बसता म्हणाला, "मला आणखी काही विचारायचं नाही. घरातल्याच माणसानं सांगितलंय."

"मला विचारायचंय," अधिकारीबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला. "पट्ट्याचा वेग किती होता?"

मोठीनं टेबलाची कड धरली.

"सहा."

वकील अर्धवट उठला. "नोंदवहीत चार आहे, मॅडम. रोजची नोंद आहे. खाली यांचीच सही आहे."

"नोंदवही मीच लिहिते," मोठी म्हणाली. "लिहायचे चार, चालवायचे सहा. दोन वर्षं झाली."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"मॅनेजरसाहेबांच्या. तोंडी सांगितलं होतं."

"लेखी काही?"

"काही नाही."

"मग बटण कुणी फिरवलं?"

खोलीत कारकुनाची टकटक तेवढी चालू होती. तीही थांबली.

"मी फिरवलं," मोठी म्हणाली. "दोन्ही वेळा मीच."

तिला वाटलं होतं, हे बोललं की अंगावरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. मागे बसलेल्या धाकटीकडे बघायचा धीर तेवढा पार गेला.

वकिलाला मात्र आयतंच कोलीत मिळालं. "म्हणजे कंपनीच्या नकळत, सुपरवायझरनं परस्पर वेग वाढवला आणि खोट्या नोंदी केल्या! मॅडम, ही बाब यांची वैयक्तिक आहे. कंपनीचा यात काय दोष?"

"परस्पर?" अधिकारीबाईंनी शांतपणे विचारलं. "प्रत्येक बाईमागे मिनिटाला दोन कप जास्त. दोन वर्षं. ते कप भट्टीत कुणी घातले? खोक्यात कुणी भरले? विकले कुणी? का ते या बाई रोज पिशवीत घालून घरी नेत होत्या?"

टाइप करणाऱ्या कारकुनाला हसू आवरेना. मॅनेजर छताकडे बघू लागला.

"माल पाठवल्याच्या वह्या आठ दिवसांत इथं आणा. दोन्ही वर्षांच्या." मग त्यांनी चष्मा लावला, समोरचा अर्ज उलटला आणि कपाळाला आठी घातली. "एक राहिलं. अर्जात 'दुखापतीला जबाबदार व्यक्ती' असा रकाना आहे. तो कोरा आहे. अर्जदार, तुम्हाला माहीत नव्हतं?"

धाकटी उभी राहिली. तिचा आवाज इतका खाली होता की कारकुनाला मान पुढे काढावी लागली.

"माहीत होतं."

"मग भरला का नाही?"

"घरात राहायचं होतं, मॅडम."

मोठीनं मागे वळून पाहिलं नाही. तिच्या मानेला ते जमेना. दोन वर्षांत या मुलीनं तिला कितीदा ताट वाढलं होतं, कितीदा "ताई, दमलात" म्हणून पाण्याचा तांब्या पुढे केला होता, ते सगळं एकाच वेळी तिच्या अंगावर आलं.

बाहेर व्हरांड्यात वायरमन पाण्याच्या नळाशी गेला होता. दोघी भिंतीशी उभ्या होत्या.

"कधीपासून माहीत होतं?" मोठीनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. बटण फिरवलं की तुम्ही आमच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. एरवी तुम्ही कधी पाठ करत नव्हता."

"मला का नाही बोललीस?"

"काय बोलणार होते? तुम्ही म्हणाला असता, वरून सांगितलंय. ते मलाही कळत होतंच. राग होता, ताई. अजून आहे. आज बोललात म्हणून लगेच जायचा नाही तो."

"नको जाऊ दे," मोठी म्हणाली. "पण घरी चल."

निकाल सात आठवड्यांनी आला. दुखापत कामातूनच झाली हे मान्य झालं. माल पाठवल्याच्या वह्यांनी कंपनीचं तोंड बंद केलं. घरच्या कपड्यांचा वाटा म्हणून भरपाईतून चौथा हिस्सा मात्र वजा झाला. वायरमननं त्या वजाबाकीवरून दिवसभर आदळआपट केली. संध्याकाळी मात्र नळाशी बसून सगळ्यांचे कपडे त्यानं स्वतः धुतले, आणि पिळताना इतकं पाणी उडवलं की शेजारीण विचारायला आली, पाइप फुटला का.

मोठीचं पद निकालाआधीच गेलं होतं. आता ती पट्ट्यावर बसत होती, कपांना कान लावत होती. बटणावर एक तरुण पोरगा आला होता. वेग चार होता, खरोखरचा चार, कारण आता तपासायला माणसं यायची. तरी संध्याकाळी अंगठे ठणकायचे. बाकीच्या बायका तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. काही तेवढंही नाही. त्यांच्याकडेही ती दोन वर्षं पाठ करून उभी होती.

खोली रिकामी करण्याची नोटीस आली तो शनिवार होता. मास्तरांनी ती वाचली. धाकट्या भावानं एक जागा बघितली होती, लहान, पण पाच माणसं मावतील अशी. कुठली कपाटं न्यायची, कुठली विकायची यावर दोघे भाऊ वाद घालू लागले. धाकटी डाव्या हातानं कपबशा कागदात गुंडाळत होती आणि मोठी खोक्यात रचत होती.

सासूबाई सुनावणीच्या दिवसापासून मोठीशी बोलल्या नव्हत्या. हाक मारायची झाली तर धाकटीला मारत, आणि धाकटी मग मोठीला सांगे. आताही त्या पलंगावर बसून सगळ्यांची धावपळ बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्या उठल्या, खोक्याशी आल्या आणि मोठीच्या समोर खाली बसल्या. गुडघे वाजले.

"मोठे," त्या म्हणाल्या.

मोठीनं हातातली बशी खाली ठेवली.

"तुझी ती चष्म्याची बाई. तिच्याकडे मेलेल्या माणसाचा अर्ज घेतात का गं?"

भावांचा वाद थांबला. मास्तर काहीतरी बोलायला गेले, पण सासूबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांना उत्तर मोठीकडूनच हवं होतं.

"माहीत नाही, आई," मोठी म्हणाली. "सोमवारी जाऊन विचारू. तुम्ही आणि मी."